पेपाचं डबकं आपल्या जुलैत किती चालतं?

पावसात घरात कोंडलेल्या तीन-चार वर्षांच्या पोराला काय दाखवायचं, असं कोणी विचारलं की ‘पेपा पिग’ या डुकरांच्या कुटुंबावरच्या ब्रिटिश कार्टून मालिकेतल्या ‘मडी पडल्स’ (चिखलाची डबकी) या भागाचं नाव हमखास निघतं. मालिकेचा हा अगदी पहिला भाग. ३१ मे २००४ रोजी ब्रिटनमध्ये चॅनल फाइव्हवर लागला. नेव्हिल ॲस्टली आणि मार्क बेकर या जोडीची कल्पना, लांबी पाच मिनिटं. वीसहून जास्त वर्षं झाली, पेपाला आवाज देणाऱ्या मुली बदलत गेल्या, तरी मालिकेची ओळख अजून तीच आहे: गमबूट घातलेली गुलाबी पोरगी आणि तिच्या पायाखालचं तपकिरी डबकं.

भाग उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण ज्या कामासाठी तो सुचवला जातो, ते काम तो करत नाही. पाऊस चालू असताना घरात काय करायचं, याचं उत्तर त्यात जवळजवळ नाहीच. निवेदक सांगतो की पाऊस पडतोय, म्हणून पेपा आणि तिचा धाकटा भाऊ जॉर्ज यांना बाहेर खेळता येत नाही. आणि थोड्याच वेळात पेपा ओरडते, थांबला, थांबला, जाऊ का बाहेर? इंग्लंडात हे खपून जातं. लंडनला अख्ख्या वर्षात जेवढा पाऊस पडतो, त्यापेक्षा जास्त मुंबईच्या एकट्या जुलैत पडतो. तिकडच्या सरीला दम धरता येतो. आपल्याकडे झड लागली की तीन-तीन दिवस खिडकी उघडता येत नाही, आणि ‘थांबला’ म्हणून बूट घालेपर्यंत पुन्हा सुरू.

तेव्हा हा भाग घरात बसून वेळ घालवण्याचा नाही, तर उघडीप मिळाल्यावर बाहेर कसं जायचं आणि परत कसं यायचं याचा आहे. तसा पाहिला तर पाच मिनिटांत त्याने भरलेला ऐवज थक्क करणारा आहे.

घडतं ते एवढंच. परवानगी मिळते, पोरं बाहेर पळतात. पेपा बुटांशिवायच डबक्यात उडी मारते. मम्मी पिग टोकते: डबक्यात उड्या मारायच्या तर बूट घालायलाच हवेत. पेपा सॉरी म्हणते, बूट घालते. मग जॉर्ज तेच करतो, आणि आता पेपा त्याला तेच वाक्य ऐकवते, शब्दाला शब्द, आईच्याच ठेक्यात. पुढे छोटं डबकं सापडतं, मग मोठं. जॉर्ज धावतो तर पेपा त्याला अडवते. आधी मी बघते, तुझ्यासाठी ठीक आहे का. ती स्वतः उडी मारते, चिखल जॉर्जच्या अंगावर उडतो, आणि ती म्हणते, सॉरी, चिखलच तर आहे. नंतर दोघं चिखलाने माखून डॅडी पिगसमोर उभी राहतात. तो ओळखायचा खेळ करतो: टीव्ही बघत होतात? नाही. आंघोळ केलीत? नाही. मग तोही म्हणतो, असो, चिखलच तर आहे. मम्मीच्या नजरेला पडायच्या आत आवरू या. शेवटी चौघेही बूट घालून बाहेर, उड्या आणि लोळून लोळून हसणं.

यातली खरी कारागिरी त्या दोन वाक्यांच्या प्रवासात आहे. बुटांचं वाक्य आईकडून पेपाकडे आणि पेपाकडून जॉर्जकडे उतरतं. चिखलाचं वाक्य उलट्या दिशेने जातं: आधी पेपाच्या तोंडी येतं, मग बापाच्या. म्हणजे शिस्त वरून खाली आणि मोकळेपणा खालून वर. तीन वर्षांच्या मुलाला हे कळत नाही, पण वाक्य पाठ होतं. दुसऱ्यांदा भाग बघताना मूल पेपाच्या आधी ते बोलून टाकतं. लहान मुलांच्या मालिका लिहिणारे नियम शिकवायला निघाले की बहुतेक वेळा एखादं मोठं माणूस कॅमेऱ्यासमोर उभं करतात. इथे मोठ्या बहिणीची मिरवायची हौस हेच नियम पोचवायचं साधन आहे, आणि ते प्रत्येक घरात आयतं असतं.

चित्रण अगदी साधं आहे. सेलॲक्शन नावाच्या सॉफ्टवेअरवर कापलेल्या कागदी चित्रांसारखे सुटे अवयव हलवून ही मालिका बनते. दोन्ही डोळे नाकाच्या एकाच बाजूला, घर टेकडीच्या टोकावर, आकाश सपाट निळं. डबकं म्हणजे एक तपकिरी लंबगोल. चिखलाचा सगळा चिकटपणा आवाजावर तोलला आहे: बूट टेकतानाचा तो ‘पचाक्’. आवाज बंद करून भाग लावला तर निम्मी मजा गेली, हे करून बघण्यासारखं आहे. पार्श्वसंगीत कमी, दृश्य तुटत नाही, एक प्रसंग बराच वेळ एकाच कोनातून दिसतो. म्हणूनच दोन-अडीच वर्षांचं मूलही गोंधळत नाही.

भाषेच्या दृष्टीनेही हा भाग मराठी घरांना सोयीचा आहे. इंग्रजी कानावर पडायला नुकती सुरुवात झालेल्या मुलासाठी वाक्यं आखूड आहेत, आणि निवेदक जे सांगतो तेच लगेच पडद्यावर घडतं. एकूण नवे शब्द मोजले तर दहा-बारा भरतील: डबकं, बूट, चिखल, उडी, पसारा. पहिल्यांदा बघताना मोठ्यांनी शेजारी बसून मराठीत बोलत राहावं, भाषांतर करू नये. ‘आता जॉर्ज काय करेल?’ एवढं विचारलं तरी पुरे. उच्चार ठेठ ब्रिटिश आहेत. अमेरिकेत पोरं पेपा बघून ब्रिटिश ढंगात बोलायला लागल्याच्या बातम्या २०१९ च्या सुमारास गाजल्या होत्या. आपल्याकडे त्याने काही बिघडत नाही. पेपासारखं नाकाने ‘खुर्रर्र’ करणं मात्र आठवडाभर सुटत नाही, त्याची तयारी ठेवा.

आता बूट. भागातला हा नियम आपल्याकडे दुपटीने लागू आहे, पण गमबूट कसे घ्यावेत हे पेपा सांगत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. पावलाच्या लांबीपेक्षा बूट आतून एक सेंटिमीटरच मोठा हवा. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून दोन नंबर मोठा घेतला की उडी मारताना टाच आत उचलली जाते, बूट चिखलात राहतो आणि मूल मोज्यावर बाहेर येतं. मापायचं असेल तर संध्याकाळी, सुती मोजा घालून, भिंतीला टाच लावून कागदावर अंगठ्याशी खूण करा. दोन्ही पायांचं माप घ्या, मोठं येईल ते धरा. बुटाचं तोंड पोटरीभोवती एक बोट जाईल एवढंच सैल असावं. डबक्यातलं पाणी वर उडतं आणि वरूनच आत शिरतं; तळ फाटून आत येणारं पाणी फार नंतरची गोष्ट.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पँट बुटात खोचणं. मग रेनकोटवरून ओघळणारं पाणी पँटच्या कापडातून थेट बुटात उतरतं आणि तळाशी साचतं. पावसाळी पँट असेल तर ती बुटावरून सोडावी. नसेल तर सरळ अर्धी चड्डी घालावी. पोटऱ्या धुता येतात. तळव्याखालच्या खाचा किमान चार-पाच मिलिमीटर खोल हव्यात. गुळगुळीत तळाचे, कार्टूनची चित्रं छापलेले बूट शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर टिकत नाहीत. आणि उडी दोन्ही पावलं एकदम, सपाट टेकवून मारायला शिकवा. टाचेवर उतरलं की मूल मागे पडतं. पेपा नेहमी सपाट उतरते. अर्थात तिला गुडघेच नाहीत, पण धडा बरोबर आहे.

बूट घातले म्हणून पाय कोरडा राहत नाही; आत घाम साचतो. अर्ध्या-पाऊण तासाने बूट काढायचे, पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पुसायच्या. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात, आणि एकदा झाल्या की पावसाळाभर पिच्छा सोडत नाहीत. बूट वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, बूट तिरके टेकवून ठेवा. हीटरपुढे किंवा हेअर ड्रायरच्या गरम हवेवर वाळवू नका. डिंक सुटतो आणि तळ पुढून तोंड उघडतो.

यापुढची पायरी म्हणजे डबकं तपासणं, आणि इथे पेपाची पद्धत आपल्या कामाची नाही. ती तपासते म्हणजे स्वतः उडी मारून बघते. तिचं डबकं टेकडीवरच्या गवतात आहे. आजूबाजूला ना गटार, ना रस्ता, ना विजेचा खांब. आपल्या डबक्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असू शकतं आणि खाली झाकण सरकलेलं मॅनहोलही असू शकतं. म्हणून नियम सोपा ठेवावा: तळ दिसत नसेल ते डबकं आपलं नाही. आधी काठीने खोली बघायची, मुलाच्या घोट्याच्या वर असेल तर सोडून द्यायचं. पाणी वाहत असेल तर सोडायचं. वर इंद्रधनुषी तवंग असेल तर ते गाडीचं तेल किंवा पेट्रोल. रस्त्यावरचा दिव्याचा खांब, मीटरची पेटी, सोसायटीचा पंप यांच्या आसपास साचलेल्या पाण्यात पाय घालायचाच नाही, मग ते कितीही स्वच्छ दिसो. गच्चीतलं पाणी चिखलाचं नसलं तरी तिथे शेवाळ असतं, कठडा असतो आणि वर विजाही.

सगळ्यात मोठी अडचण डोळ्यांना दिसत नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात उतरतात आणि खरचटलेल्या कातडीतून, किंवा डोळे, नाक, तोंड यांतून शरीरात जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाणी ओसरल्यावर मुंबईत या तापाची साथ आली, ती याच वाटेने. लहान मुलाचा गुडघा पावसाळ्यात कधी न खरचटलेला असतो का? म्हणून उड्या मारायला जाण्याआधी पाय बघा. जखम असेल तर त्या दिवशी नाही. पट्टी लावून भागत नाही, ती पहिल्या दोन मिनिटांत भिजून सुटते. रस्त्यावरच्या पाण्यात गेलंच असेल तर घरी आल्या आल्या साबणाने पाय धुवा. जखम असताना गेलं असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. प्रतिबंधक औषध २४ ते ७२ तासांच्या आत घ्यावं, असं मुंबई महापालिका दर पावसाळ्यात सांगते, पण मोठ्यांना देतात ती डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत, तेव्हा घरातली गोळी अर्धी करून देऊ नका. ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो. पोटऱ्या दुखणं आणि डोळे लाल होणं ही लक्षणं दिसली तर ‘साधा व्हायरल’ म्हणून थांबू नये.

कार्टूनला एवढं गंभीर घ्यायचं कशाला, असं वाटेल. पण हे याच मालिकेबाबत आधी घडून गेलंय. तिच्या एका भागात कोळ्याला घाबरू नये, तो लहानसाच असतो, काही करत नाही, असा सूर आहे. ऑस्ट्रेलियात कोळी चावून माणूस इस्पितळात जातो, म्हणून तिथल्या एबीसी या सरकारी वाहिनीने २०१२ मध्ये तो भाग दाखवणं थांबवलं. इंग्लंडातला निरुपद्रवी प्राणी दुसऱ्या देशात निरुपद्रवी असेलच असं नाही, आणि डबक्याचंही तसंच आहे. निर्मातेही ऐकणारे निघाले: सुरुवातीच्या भागांत गाडीत कोणी सीटबेल्ट लावत नव्हतं, तक्रारी आल्यावर ते नव्याने चितारले गेले. म्हणून ‘मडी पडल्स’ बंद करा असं अजिबात नाही. डबकं तेवढं आपलं आपण करावं.

आणि ते करता येतं. सोसायटीच्या बागेचा कोपरा किंवा अंगण हवं. एक मीटर रुंद आणि पाचेक सेंटिमीटर खोल असा गोल खळगा करा, मोठे दगड, काचा, खिळे वेचून काढा. एक बादली चाळलेली माती आणि पाऊण बादली नळाचं पाणी पुरतं. चिखलाचा थर दोन-अडीच सेंटिमीटर होतो. याहून कमी असला तर पाणी उडत नाही, नुसता ‘फट्’ आवाज येतो. चार-पाच सेंटिमीटर झाला की बूट रुततो, आणि ओढताना मूल तोंडावर पडतं. माती कोणती यावर बरंच अवलंबून आहे. कोकणातल्या लाल मातीत पाणी झिरपून जातं, दहा मिनिटांनी पुन्हा तांब्या-दोन तांबे घालावे लागतात. देशावरची आणि विदर्भातली काळी माती उलट पाणी धरून फुगते आणि बुटाला किलोभर चिकटते. तिच्यात दोनास एक या प्रमाणात वाळू मिसळली की ती सुटते. खळग्याखाली ताडपत्री घालायचा मोह टाळा. ओली ताडपत्री बर्फासारखी घसरते. खेळ झाला की खळगा त्याच दिवशी मातीने बुजवा. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यांचे आठवडा-दहा दिवसांत उडणारे डास होतात, म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला, म्हणजे साठलेलं पाणी ओतून भांडी सुकवायला सांगतं.

चिखलात लोळणं ही काही इंग्रजांची मक्तेदारी नाही, हे मुलाला सांगायला गोव्यातल्या माशेलचं उदाहरण आहे. आषाढी एकादशी झाली की तिथे देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला खेळतात, आणि उतरण्याआधी खेळणारे अंगाला भरपूर तेल चोपडतात. ती युक्ती उचलण्यासारखी आहे. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत खोबरेल तेलाचा हात फिरवला की चिखल कातडीत बसत नाही, पाण्याच्या एका धारेत उतरतो. तळव्यांना मात्र तेल लावू नका, बुटात पाय फिरतो.

भागातली सगळ्यात मोठी तक्रार साफसफाईबद्दल आहे. डॅडी पिग ‘आवरू या’ म्हणतो आणि पोरं चकाचक. मध्ये काय झालं ते गायब. पाच मिनिटांत किती दाखवणार हे मान्य, पण जिथे मुलाला हातभार लावता आला असता ती जागा नेमकी कापली गेली. वर ‘मम्मीने बघायच्या आत’ हा सूर. गंमत म्हणून ठीक, पण पोरं तेवढंच उचलतात: पसारा म्हणजे आईपासून लपवायची गोष्ट. बुटांचा नियम आईने सांगायचा, मजेत बापाने सामील व्हायचं आणि धुणं कोणाच्या वाट्याला जातं हे दाखवायचंच नाही, ही वाटणी २००४ मधली म्हणून सोडून देता येईल, पण बघताना खटकते. भाग संपल्यावर कपडे बादलीत टाकायचं काम मुलालाच द्यावं.

त्या कपड्यांचं काय करायचं, तर आधी काहीच नाही. ओला चिखल चोळला की तो धाग्यात जातो. पंख्याखाली वाळू द्या, ब्रशने झाडा, मग थंड पाण्यात अर्धा तास भिजवा आणि नंतरच साबण. लाल मातीचा डाग लोहाचा असतो. त्यावर ब्लीच टाकलं तर तो पक्का बसतो. त्याऐवजी लिंबू आणि मीठ लावून तासभर ठेवा, मग धुवा. पांढरा शर्ट घालून गेला असेल तर मात्र तो शर्ट यापुढे पावसाळ्याचाच.

आता उघडीपच मिळत नसेल तर? तिथे पेपा हात वर करते, आणि ‘ब्लूई’ या ऑस्ट्रेलियन मालिकेचा ‘रेन’ हा भाग जास्त उपयोगी पडतो. तिसऱ्या पर्वातला, सात मिनिटांचा. ब्लूई भर पावसात अंगणातल्या वाटेवरून वाहणारं पाणी अडवायला बघते, आणि ओल्या पायांनी घर घाण होऊ नये म्हणून आईची धडपड चालते. शेवटी आईही त्यात उतरते. संवाद जवळजवळ नाहीतच, सगळा भार संगीतावर, त्यामुळे इंग्रजी न कळणाऱ्या आजीलाही सोबत बसता येतं. चित्र म्हणून तो पेपापेक्षा कितीतरी सरस आहे. पण तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेपासारखं पाठ होणारं वाक्य त्यातून लागत नाही. तो चार-पाच वर्षांपुढच्या मुलांना जास्त भिडतो. पाणी अडवायचा खेळ बाथरूममध्ये सहज होतो: नळ बारीक सोडायचा, जाळीकडे जाणाऱ्या पाण्यापुढे मळलेल्या कणकेची वळी घालायची. कणीक दहा मिनिटं टिकते, मग कडेने सुटते. का सुटते, हे शोधण्यात अर्धी दुपार जाते. खेळ संपल्यावर कणीक उचलून कचऱ्यात टाका, जाळीत ढकलू नका.

घरातल्या चिखलाला आपल्याकडे त्याहून चांगला पर्याय आहे, शाडू माती. आषाढ-श्रावणात गणपतीच्या मूर्तींचं काम चालू असतं, त्यामुळे ती याच दिवसांत सहज मिळते. एका मुलाला एक किलो पावडर बास. त्यात ३०० मिलिलिटर पाणी आधी, उरलेलं चमच्या-चमच्याने, जास्तीत जास्त ३५० पर्यंत. एकदम ओतलं की वर राबडी आणि तळाला कोरडे गोळे राहतात. दहा मिनिटं मळा, ओल्या फडक्यात अर्धा तास झाकून ठेवा, पुन्हा मळा. बोटाला न चिकटता वळी वाकवल्यावर चिरली नाही की माती झाली. पातळ झालीच तर ती फेकू नका. परातीत पसरून त्याचंच डबकं करा आणि पेपा-जॉर्ज मातीचे बनवून त्यात बसवा. केलेल्या मूर्ती पंख्याखाली वाळवू नका, बाहेरून आधी आकसून तडे जातात. सावलीत, वर फडकं टाकून, दोन-तीन दिवस. हात बेसिनमध्ये न धुता बादलीत धुवा: रात्रभरात माती तळाला बसते, वरचं पाणी कुंडीत जातं, खालचा गाळ पुन्हा वापरता येतो. बेसिनच्या पाइपात बसलेला शाडू काढायला प्लंबरच लागतो.

राहता राहिलं भाग लावायचं तंत्र. मालिकेच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर बरेच भाग जोडून केलेले तासाभराचे व्हिडिओ असतात, ते टाळा. एकटा पाच मिनिटांचा भाग शोधा. पेपाच्या नावाने भलतंसलतं दाखवणाऱ्या नकली व्हिडिओंचा २०१७ मध्ये बराच बोभाटा झाला होता, त्यामुळे चॅनेलचं नाव बघूनच लावा आणि पहिल्या खेपेला स्वतः शेवटपर्यंत बघा. सगळ्यात महत्त्वाचं, ऑटोप्ले बंद करा. ‘मडी पडल्स’ संपल्यावर मूल दारात बूट शोधायला पळालं तर भागाने आपलं काम केलं. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला की ते सोफ्यावरून हलत नाही, मग बाहेर लख्ख उघडीप का असेना.